खानावळीच्या मोरीतले जिवाणू

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मला मार्गदर्शक म्हणून ज्या बाई मिळाल्या, त्यांच्याकडे कुणी आपणहून जात नसे. त्या रागवत नसत, आवाजही चढवत नसत. पण एक वाक्य बोलत आणि ते माणसाला आठवडाभर पुरत असे. त्यांनी मला विषय दिला तोही एकाच वाक्यात.

"तेल खाऊन जगणारे जिवाणू शोधायचे, आणि ते तेल कसं पचवतात ते बघायचं."

मी वहीत लिहून घेतलं. मग धीर करून विचारलं, "बाई, हे जिवाणू मिळतील कुठे?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ते तुम्ही ठरवायचं. तेही मीच ठरवायचं असेल, तर पदवीसुद्धा मीच घेते. एक आहे माझ्याकडे, दुसरी होईल."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी बार्शीची. वडील तिथे शाळामास्तर. घरातून शिकायला बाहेर पडलेली मी पहिलीच मुलगी, आणि पुण्यात राहायला मिळालं ते नारायण पेठेत, काकूंकडे. काकू नात्यातल्या नव्हेत. वडिलांच्या एका स्नेह्यांच्या ओळखीने ती जागा मिळाली होती. काकूंचे यजमान लवकर गेले होते आणि दोन स्वयंपाकीणबाईंना हाताशी धरून त्या तळमजल्यावर खानावळ चालवत. स्वयंपाकघराच्या बरोबर वरची खोली माझी. सकाळी जाग यायची ती फोडणीच्या वासाने.

वास चांगला असायचा, पण मला ते जेवण जाईना. आमच्याकडे काळ्या मसाल्याचं, जिभेला चटका देणारं कालवण. इथे आमटीत गूळ. पहिले पंधरा दिवस मी दहीभातावर काढले. काकूंनी ते पाहिलं होतं. एके दिवशी जेवायला बसले तर माझ्या ताटाशेजारी एक लहान वाटी. शेंगदाण्याची लालभडक चटणी, आमच्या बाजूला करतात तशी, लसूण ठेचून घातलेली.

"ही रोज मिळेल," काकू म्हणाल्या. "पण आमटी वाढून घ्यायची. शेजारी ठेवायची नाही, खायची."

चटणीच्या आधाराने मी आमटी खाऊ लागले. नंतर नंतर चटणी नसली तरी चालायला लागलं, ते कधीपासून, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

तर जिवाणू. मी दोन-तीन ठिकाणची माती आणून पाहिली. तेलाच्या घाण्याजवळची, सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोरची. काही ना काही मिळायचं, पण नेटाने वाढेल असं काही मिळेना. मग एका रविवारी खानावळीची मोरी तुंबली. भांडी घासायची जागा मागच्या बाजूला होती आणि तिथून जाणाऱ्या नळीत रोजच्या ताटांचं, कढयांचं तेल आणि वनस्पती तूप साठत जायचं. काकू पदर खोचून बांबूच्या कांबीने नळी मोकळी करत होत्या आणि पिवळट पांढरे थरच्या थर बाहेर येत होते. खवट वास सुटला होता. मी वरून खाली बघत होते. त्या थरांच्या खालच्या अंगाला एक राखाडी, बुळबुळीत पापुद्रा होता आणि त्याच्याजवळचं तूप कुरतडल्यासारखं झालं होतं. मला वाटलं, इतकी वर्षं इथे एवढं अन्न पडून आहे, म्हणजे ते खाणारं कुणीतरी इथे आलेलंच असणार.

मी एक चमचा उकळून घेतला, प्रयोगशाळेतून आणलेली निर्जंतुक बाटली घेतली आणि खाली धावले.

"काय गं हे?" काकूंनी विचारलं.

"नमुना घेते, काकू."

"माझ्या मोरीचा?"

"यात जिवाणू असणार. तेल खाणारे. मला तेच हवेत."

काकूंनी दाराकडे बघितलं. "हळू बोल. पहिली पंगत बसायची आहे. आणि ज्यांना सांगायचं त्यांना सांग, पण मोरी कुणाची ते सांगू नकोस."

प्रयोगशाळेत मी काचेच्या चंबूत पाणी आणि थोडे क्षार घेतले. त्यात साखर नाही, दुसरं कसलंही अन्न नाही, फक्त ओलेइक आम्ल. हे एक मेदाम्ल आहे, शेंगदाण्याच्या तेलात भरपूर असतं. त्यात मोरीतला कणभर पापुद्रा टाकला. जो तेलावर जगू शकेल तोच वाढेल, बाकीचे उपाशी मरतील, असा तो साधा हिशेब. तिसऱ्या दिवशी नितळ पाणी ताकासारखं गढूळ झालं होतं. त्यातला थेंब नव्या चंबूत, त्यातला पुन्हा नव्या, असं करत शेवटी बशीतल्या जेलीवर वेगवेगळे ठिपके उमटले. सातव्या क्रमांकाचा ठिपका सगळ्यांत जोमदार होता, साईच्या रंगाचा, कडेला किंचित हिरवी झाक. त्याला मी सात नंबर म्हणायला लागले. बाईही तसंच म्हणू लागल्या. "काय म्हणतोय तुमचा सात नंबर?" हे त्यांचं सकाळचं पहिलं वाक्य असे.

संध्याकाळी मी काकूंना भाजी चिरायला बसत असे. त्यांनी एकदा विचारलं, "इतकुसा तो जंतू, ना तोंड ना दात. तेल खातो म्हणजे करतो काय?"

माझ्या हातात शेवग्याची शेंग होती. मी म्हटलं, "काकू, तेलाचा कण त्याला अख्खा गिळता येत नाही. आधी तो बाहेर एक रस सोडतो, त्याने तेल फुटतं आणि मेदाम्लं सुटी होतात. मेदाम्ल म्हणजे ही शेंग समजा. लांबच लांब. कार्बनचे अठरा मणी एका ओळीत. ती शेंग तो आत ओढून घेतो आणि एका टोकाकडून कापत जातो. दर वेळी दोन मणी. आठ घाव घातले की नऊ तुकडे. प्रत्येक घावाला थोडी शक्ती मिळते. मग ते दोन-दोन मण्यांचे तुकडे तो आतल्या भट्टीत टाकतो, तिथे ते पूर्ण जळतात आणि खरी शक्ती तिथे मिळते. त्यासाठी त्याला ऑक्सिजन लागतो. आपल्यासारखाच."

काकूंनी माझ्या हातातली शेंग घेतली, बोटभर तुकडे केले, सोललेली शीर बाजूला टाकली. "म्हणजे चिरून घेतो. माणसासारखं वागतो की. आणि पहिला घाव घालायचं बळ कुठून आणतो? उपाशी असतो ना?"

मी थक्क होऊन त्यांच्याकडे पाहिलं. वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. कापायला सुरुवात करण्याआधी जिवाणूला त्या मेदाम्लावर एक खूण चिकटवावी लागते, आणि तेवढ्यासाठी स्वतःजवळची शिल्लक शक्ती खर्च करावी लागते. त्याशिवाय सुरी चालतच नाही. मी तसं सांगितलं.

"शेगडीचंही तसंच," काकू म्हणाल्या. "कोळसा दिवसभर जळतो, पण पेटवायला आधी रॉकेल घालावं लागतं." आणि त्या आमटीकडे वळल्या.

पुढचं काम म्हणजे सात नंबर किती ऑक्सिजन घेतो ते मोजणं. त्यासाठी आमच्या विभागात एक जुनं उपकरण होतं. कोमट पाण्याच्या टाकीत मुठीत मावतील एवढ्या काचेच्या कुप्या हलत राहायच्या. प्रत्येक कुपी एका बारीक नळीला जोडलेली, नळीत रंगीत द्रव. कुपीत जिवाणूंनी ऑक्सिजन ओढून घेतला की द्रव वर चढायचा. जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजणीत येऊ नये म्हणून कुपीच्या तळाशी मधोमध एक इवलीशी विहीर असे, त्यात तो शोषून घेणारं अल्कली ठेवायचं. बाजूला एक तिरपी नळी, ऐन वेळी तेल आत सोडण्यासाठी. अशा कुप्या परदेशातून आलेल्या होत्या आणि धड अवस्थेत फक्त सहा उरल्या होत्या.

त्यांतल्या तीन मी एका सकाळी फोडल्या. धुऊन ट्रेमध्ये ठेवल्या होत्या, ट्रे उचलला आणि ओला हात सटकला.

त्या काळात बाहेरून काच मागवायची म्हणजे परवान्यांची रांग. वर्ष गेलं असतं. मी बाईंच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि काय झालं ते सांगितलं. बाई उठून आल्या, जमिनीकडे पाहिलं.

"तुकडे नीट गोळा करा. हाताने नको, कागदाने. हात कापला तर प्रबंध कोण लिहिणार?" मग वाकून त्यांनी स्वतः एक तुकडा उचलला. कुपीचा गळा होता तो, घासून तयार केलेला, नळीत घट्ट बसणारा. तिन्ही गळे शाबूत होते. "हे महत्त्वाचे," त्या म्हणाल्या आणि एका कागदावर पत्ता लिहून दिला. "यांच्याकडे जा. पुण्यात हे करू शकले तर तेच करतील."

पत्ता बुधवार पेठेच्या मागच्या एका बोळातला होता. पुस्तकांची आणि रेडिओच्या सुट्या भागांची दुकानं ओलांडून आत गेलं की एक लांबट खोली. आत साठीचे एक गृहस्थ, पांढरी दाढी, अंगात जाड सुती बंडी, समोर ज्योतीचा निळा सुळका. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं. वडील अत्तराच्या कुप्या फुंकायचे. हे शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांची काच करायचे.

मी तुकडे आणि चित्र दोन्ही पुढे ठेवलं. चाचांनी चित्राकडे पाहिलंच नाही. तुकडे एकेक करून उजेडात धरले, नखाने वाजवले.

"कडक काच आहे. हिला हिच्याच जातीची काच लागते, ताई. दुसरी जोडली तर गार होताना दोघी भांडतात आणि तडा जातो. तुमच्याकडे याच काचेच्या फुटक्या परीक्षानळ्या आहेत?"

"आहेत की, ढीगभर."

"त्या आणा. आणि मला सांगा, यात ठेवणार काय?"

"जिवाणू."

"कशासाठी?"

"ते श्वास किती घेतात ते मोजायला."

चाचा थांबले. "जंतू श्वास घेतात?"

"हे घेतात. तेल खातात आणि ते जाळायला हवा घेतात."

"बघा," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "चाळीस वर्षं मी या नळ्यांत श्वास फुंकतोय. यांत कुणी श्वास घेणार आहे, असं पहिल्यांदाच ऐकलं."

मी तीन आठवड्यांत सहा वेळा त्यांच्याकडे गेले. ती तळाची विहीर सगळ्यांत अवघड होती. कुपी तापलेली असताना आतून उभी करायची आणि तिचा काठ सरळ ठेवायचा. पहिली कुपी देखणी झाली. चाचांनी ती टेबलावर ठेवली आणि आम्ही बघत असतानाच टिक् असा आवाज होऊन तळापासून गळ्याच्या खालपर्यंत रेघ गेली. मला रडू यायला लागलं. चाचा मात्र शांत होते.

"चूक माझी. तुम्ही समोर बसलात म्हणून दाखवायची घाई केली. काचेला घाई चालत नाही." पुढच्या कुप्या त्यांनी गरम राखेत पुरल्या आणि दुसऱ्या दिवशी काढल्या. तिन्ही धड निघाल्या.

मी त्या कापसात गुंडाळून बाईंकडे नेल्या. बाईंनी एकेक कुपी डोळ्यांसमोर फिरवून पाहिली. "मूळ कुप्यांपेक्षा बऱ्या आहेत," एवढंच म्हणाल्या. बाईंच्या तोंडून ही स्तुती फार मोठी होती. मग ती सबंध दुपार त्या माझ्याबरोबर बसल्या आणि प्रत्येक कुपीत नेमकं किती मावतं ते आम्ही दोघींनी तोलून काढलं. आकडे त्या सांगत होत्या, मी लिहीत होते.

आणि मग प्रयोग सुरू झाला. जिवाणू वाढवायचे, स्वच्छ क्षारपाण्याने धुऊन घ्यायचे, त्याच क्षारपाण्यात कुपीत ठेवायचे आणि त्यांना ओलेइक आम्ल द्यायचं. हे क्षारपाणी वाढीच्या चंबूतल्या पाण्यापेक्षा साधं होतं, त्याची कृती बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली होती. जे जिवाणू मी आधीपासून तेलावर वाढवले होते, त्यांच्या कुपीतला द्रव दहा मिनिटांत चढायला लागला. मी आनंदाने आकडे लिहीत सुटले. पण जे साखरेवर वाढवले होते, त्यांना तेल दिलं तर काहीच होईना. एक तास गेला. दोन तास. तीन. द्रव होता तिथेच.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी वहीत त्या रकान्यासमोर 'मृत' असं लिहिलं आणि प्रयोगशाळेच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन रडले. मला वाटलं, माझ्याच हाताने धुताना ते मेले. मला साधं धुताही येत नाही.

वही घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी तो शब्द वाचला.

"मेले, हे कशावरून?"

"तेल खात नाहीत."

"मीही तेल खात नाही, डॉक्टरांनी मना केलंय. मी मेले का? त्यांना साखर देऊन पाहिलीत?"

पाहिली नव्हती. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच जिवाणूंना साखर दिली तर पाच मिनिटांत द्रव सरसर वर. म्हणजे जिवंत होते, चांगले धडधाकट. फक्त तेलाला तोंड लावत नव्हते.

त्या दुपारी जेवताना मी काकूंना हे सांगितलं. काकू वाढत होत्या. त्या हातातलं पातेलं तसंच धरून म्हणाल्या, "साखरेवर वाढलेले ना ते? मग. तुला माझी आमटी खायला पंधरा दिवस लागले. त्यांनी तीन तासांत खावी म्हणतेस?"

मी हसले. आणि प्रयोगशाळेत गेल्यावर, गंमत म्हणून, बाईंना ते सांगितलं.

बाई हसल्या नाहीत. त्या जिन्याकडे निघाल्या होत्या. जिन्यापर्यंत गेल्या, तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत आल्या.

"ते पंधरा दिवस तुम्ही काय खात होतात?"

"दहीभात."

"मग यांचा दहीभात कुठे आहे?"

मला कळेना. बाई खुर्ची ओढून बसल्या. "साखर कापायची अवजारं वेगळी, मेदाम्ल कापायची वेगळी. साखरेवर वाढलेल्या जिवाणूजवळ दुसरी अवजारं जवळजवळ नसतातच, गरजच पडलेली नसते. तेल समोर आलं की तो ती घडवायला घेणार. अवजारं म्हणजे एन्झाइमं, एन्झाइमं म्हणजे प्रथिनं. प्रथिनांना नायट्रोजन लागतो. तेलात नायट्रोजन असतो?"

"नाही."

"आपल्या क्षारपाण्यात?"

मी वहीत चिकटवलेला कागद पाहिला. नव्हता. आम्ही त्यांना काम दिलं होतं आणि अवजार घडवायला लोखंडच दिलं नव्हतं. तेलावर वाढलेल्यांची अवजारं आधीच तयार होती, म्हणून त्यांचं अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी क्षारपाण्यात नायट्रोजन असलेलं अमोनियाचं मीठ घालून नव्याने सुरुवात केली. नऊ वाजले, दहा, अकरा. द्रव ढिम्म. बाई मधूनमधून येत, बघत आणि जात. बाराला मी डबा टाकीशेजारीच उघडला. एकच्या सुमारास चाचांच्या दुसऱ्या कुपीच्या नळीत द्रव एक रेघ वर दिसला. मला वाटलं भास असेल. दहा मिनिटांनी आणखी एक रेघ. मग दोन. मग तो थांबेचना.

मी धावत जाऊन बाईंना बोलावलं. त्या आल्या, टाकीसमोर वाकल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"शिकला," त्या म्हणाल्या. "सात नंबर शिकला." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. बाईंनी मला स्पर्श केला असा तो एकच प्रसंग मला आठवतो.

पुढच्या आठवड्यात मी चाचांना प्रयोगशाळेत घेऊन आले. त्यांनी धुतलेला लेंगा-कुडता घातला होता, डोक्यावर नवी टोपी होती. बाईंनी त्यांच्यासाठी स्वतः खुर्ची मांडली आणि "आपण बसा" म्हणाल्या. पण चाचा बसले नाहीत. पाण्यात हलणाऱ्या आपल्या कुप्यांकडे उभ्यानेच बघत राहिले. द्रव एकेक रेघ चढत होता.

"हे सगळं ते घेतायत?" त्यांनी विचारलं.

"हो चाचा. आत्ता, आपण बोलतोय तोवर."

"सुभानल्ला," ते हळूच म्हणाले. आणि आपल्या नकळत त्यांनी एक मोठा श्वास घेतला.

काकूंची काही परतफेड करावी म्हणून मी बाटलीभर वाढवलेला सात नंबर मोरीत ओतायला सुरुवात केली. रोज सकाळी ओतायचे. दोन आठवडे झाले तरी नळी पूर्वीसारखीच तुंबली. शेवटी लक्षात आलं की काकू रोज रात्रीची पंगत उठली की धुण्याच्या सोड्याचं उकळतं पाणी मोरीत सोडतात. "तू पाळतेस आणि मी मारते," त्या म्हणाल्या. "राहू दे. कांब आहे माझी." वरच्या अंगाचे सगळे मरत होते, मूळचे मात्र पापुद्र्याच्या आड, खोल, तुपाच्या पांघरुणाखाली सुखाने जगत होते.

प्रबंध टंकलिखित करायची वेळ आली तेव्हा मी ऋणनिर्देशाचं पान लिहिलं. आधी बाईंबद्दल सात-आठ ओळी, मनापासून लिहिलेल्या. मग काकू, मग चाचा. बाईंनी पान वाचलं, पेन काढलं आणि आपल्याबद्दलच्या सगळ्या ओळींवर एक सरळ आडवी रेघ मारली.

"बाई, हे का?"

"मला त्याचा पगार मिळतो. बाकीच्या दोघांना मिळत नव्हता. त्यांच्या ओळी वाढवा."

मी वाढवल्या. काकूंना ते पान वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच तपासलं की मोरीचा पत्ता कुठे आलेला नाही. चाचांना इंग्रजी येत नव्हतं. मी मराठीत सांगितलं. त्यांनी पान हातात घेतलं, आपलं नाव कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगितलं आणि त्या जागी बोट ठेवून काही वेळ बसून राहिले. मग ते पान त्यांनी ज्योतीपासून लांब, भिंतीवरच्या कोनाड्यात ठेवलं.

पुढे मी दूध प्रक्रियेच्या एका कारखान्यात सांडपाण्याच्या विभागात लागले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. लोणी-तुपाचं धुवण टाकीत यायचं आणि सात नंबरचे असंख्य भाऊबंद ते दोन-दोन मण्यांनी कापत, जाळत, पाणी हलकं करून सोडायचे. नवीन मुलं कामाला आली आणि टाकी "चालत नाही" म्हणून घाबरली की मी त्यांना विचारायची, जिवाणूंना लागणारं सगळं दिलंत का, आणि थांबलात किती वेळ? बहुतेकदा दोन्हीपैकी एक उत्तर चुकलेलं असायचं.

काकू मी नोकरीत असतानाच गेल्या, चाचा त्याआधी. बाई पुष्कळ जगल्या. निवृत्त झाल्यावर मी त्यांना भेटायला गेले. शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहत. केस पूर्ण पांढरे झाले होते, ऐकायला कमी येत होतं, पण नजर तीच, चष्म्यावरून बघणारी. त्यांनी चहा केला. मी ठरवून गेले होते की आज बोलायचंच. म्हणून कप खाली ठेवला आणि म्हटलं, "बाई, तुम्ही माझे आभार खोडले होतेत. आज तोंडी मानते. तुम्हाला उत्तर पहिल्यापासून माहीत होतं, तरी तुम्ही मला ते स्वतः शोधू दिलंत. आयुष्यभर मला त्याचा उपयोग झाला."

बाईंनी आपलाही कप खाली ठेवला.

"मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसावं. पण आलं होतं.

"ती क्षारपाण्याची कृती मीच दिली होती तुम्हाला. त्यात नायट्रोजन घालायला हवा, हे माझ्या लक्षात आलं नाही. तुम्ही तीन दिवस माझी चूक तपासत होतात. तुम्हाला मागच्या पायऱ्यांवर रडताना मी खिडकीतून पाहिलं होतं. यावंसं वाटलं, पण येऊन सांगणार काय? मलाच कळत नव्हतं. तुमच्या खानावळीच्या बाईंचं ते वाक्य तुम्ही सांगितलंत, तेव्हा जिन्याशी माझ्या डोक्यात उजेड पडला. तेव्हाच सांगायला हवं होतं. राहून गेलं."

माझ्या मनात इतकी वर्षं बाईंची एक मूर्ती होती, सगळं आधीच जाणणारी. ती मूर्ती गेली आणि तिच्या जागी माझ्याइतक्याच चाचपडणाऱ्या, माझ्याबरोबर थांबून राहिलेल्या एक बाई आल्या. मला त्या जास्त जवळच्या वाटल्या. उत्तर माहीत असताना थांबणं सोपं असतं. त्या दिवशी आठ ते एक, दर तासाला येऊन त्या टाकीत डोकावत होत्या, तेव्हा त्याही माझ्याइतक्याच धास्तावलेल्या होत्या.

"मग तर आभार दुप्पट," मी म्हटलं.

"चहा घ्या," बाई म्हणाल्या. "गार होतोय."

निघताना त्या दारापर्यंत आल्या. चपला घालेपर्यंत थांबल्या. "पुन्हा याल तेव्हा घंटा दोनदा वाजवा. एकदा वाजवलीत तर मला ऐकू येत नाही, आणि मग तुम्ही म्हणाल, म्हातारी दार उघडत नाही."

त्यानंतर त्या होत्या तोवर मी दर गुरुवारी जात राहिले. घंटा दोनदा वाजवायची आणि आतून चपलांचा आवाज येईपर्यंत जिन्यात उभी राहायची.